शिक्का आणि मोर्तब : अपरिचित एक्स्टेन्शनच्या संगणकीय फाइलींची ओळख आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील अभिलेख

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला हाती आलेला कागद आधी ओळखावा लागतो, मग वाचावा लागतो. चांदा प्रदेशाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. १७५१ मध्ये येथील गोंड राजवट संपुष्टात येऊन नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. मराठी अमलातील कागद मोडी लिपीत, इंग्रजी अमलातील अहवाल इंग्रजीत, दक्षिणेस सिरोंचाकडे तेलुगूचा वावर आणि अरण्यातील गावांची बोली गोंडी, अशी ही गुंतागुंत आहे. मोडीचा वापर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास थांबला. त्यानंतरच्या दोन पिढ्यांतच आजोबांच्या हातचे कागद नातवाला वाचता येईनासे झाले. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, लुप्त झाले होते ते वाचनाचे ज्ञान.

हीच अवस्था आता संगणकीय अभिलेखांवर ओढवत आहे आणि येथे तिला दोन पिढ्यांचाही अवधी लागत नाही. १९९० नंतरच्या काळात तयार झालेली फाइल आज उघडू गेल्यास ती कोणत्या प्रोग्रामची आहे हेच संगणकाला कळत नाही. नावापुढील टिंबानंतरची दोन-चार अक्षरे, म्हणजेच फाइलचे एक्स्टेन्शन, अनोळखी असते किंवा मुळी नसतेच. अशी फाइल बहुधा 'खराब' ठरवून काढून टाकली जाते. प्रस्तुत निबंधात एक्स्टेन्शनच्या प्रथेचा इतिहास, फाइल ओळखण्याची साधने आणि चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व यांचा विचार केला आहे. फाइलची खरी ओळख तिच्या नावात नसून तिच्या अंतरंगात असते आणि ती पटवण्याची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला मुळातच परिचित आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

एक्स्टेन्शनची परंपरा

फाइलच्या नावाला शेवटी तीन अक्षरे जोडण्याची प्रथा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या संगणकांवर रूढ होती. तेथे नावासाठी सहा आणि प्रकारासाठी तीन अक्षरे मिळत. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही कार्यप्रणाली विकसित करताना ती उचलली आणि नावासाठी आठ, प्रकारासाठी तीन अक्षरे असा नियम केला. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने तोच नियम पुढे चालवला. डॉसच्या सूचीमध्ये ही अकरा अक्षरे सलग साठवली जात, मधले टिंब साठवलेच जात नसे. ते केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी दाखवले जाई. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर लांब नावांची सोय आली. तथापि, त्याच सुमारास परिचित एक्स्टेन्शने वापरकर्त्यापासून लपवून ठेवण्याची रीतही सुरू झाली. ती आजही विंडोजमध्ये मूळ मांडणी म्हणून कायम आहे.

या रीतीचा परिणाम मे २००० मध्ये जगाला दिसला. प्रेमपत्राच्या नावाने ई-मेलमधून आलेल्या एका फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि त्यानंतर 'व्हीबीएस' अशी दोन एक्स्टेन्शने होती. शेवटचे एक्स्टेन्शन लपलेले असल्याने असंख्य लोकांना ती साधा मजकूर वाटली. प्रत्यक्षात तो आज्ञा पाळणारा प्रोग्राम होता आणि 'आय लव्ह यू' या नावाने तो देशोदेशींच्या संगणकांत पसरला. आज मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून येणारी 'एपीके' फाइल हा त्याच युक्तीचा नवा अवतार होय. पत्रिका म्हणून जी उघडली जाते ती वस्तुतः मोबाइलमध्ये शिरणारी प्रणाली असते.

सर्वच प्रणालींनी नावावर विश्वास ठेवला असे नाही. युनिक्स या कार्यप्रणालीत १९७३ पासूनच 'फाइल' नावाची एक आज्ञा उपलब्ध आहे. ती नाव बाजूला ठेवून आतील मजकूर तपासते आणि प्रकार सांगते. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाने फाइलचा प्रकार आणि ती तयार करणारा प्रोग्राम यांची चार-चार अक्षरी खूण नावापासून स्वतंत्र ठेवली होती. यावरून असे दिसते की, एक्स्टेन्शन हा संगणकाचा निसर्गनियम नव्हे. तो एका विशिष्ट परंपरेतून आलेला संकेत आहे.

शिक्का आणि मोर्तब : अंतर्गत पुरावा

मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब केले जाई. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तब असल्याने मजकूर कोठे संपला ते निश्चित होई आणि मागाहून काही भर घालता येत नसे. पत्राच्या पाठीवर पुढे कोणी काय लिहिले, ते कोणत्या रुमालात बांधले गेले, यांवरून पत्राची ओळख ठरत नसे. संगणकीय फाइलचे एक्स्टेन्शन हे रुमालावरील चिठ्ठीसारखे आहे. चिठ्ठी उपयोगी असते, परंतु ती बदलता येते, चुकते आणि गळूनही पडते.

बहुतेक फाइलींच्या आत मात्र स्वतःचा शिक्का असतो. पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते, तर तिच्या शेवटी 'ईओएफ', म्हणजे फाइलचा अंत, ही खूण असते. जेपीईजी छायाचित्राच्या आरंभी आणि अंती ठरावीक दोन-दोन बाइट्स असतात. टीआयएफ प्रकारचे चित्र दोन 'आय' किंवा दोन 'एम' या अक्षरांनी सुरू होते. झिप पद्धतीने बांधलेल्या फाइलच्या प्रारंभी 'पीके' ही अक्षरे येतात. ती या पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे होत. २००७ पासून प्रचारात आलेली वर्डची 'डॉक्स' फाइल उघडून पाहिली तर तिच्याही आरंभी 'पीके' आढळते. याचे कारण ती अनेक लहान फाइली एकत्र बांधलेले गाठोडेच असते. त्यापूर्वीची 'डॉक' फाइल अगदी निराळ्या रचनेची होती. एका अक्षराच्या फरकाने वेगळ्या भासणाऱ्या या दोन नावांमागे दोन भिन्न वंश आहेत.

मोर्तब नसलेले पत्र अपूर्ण मानावे लागते, त्याप्रमाणे अंतखूण नसलेली फाइल बहुधा उतरवून घेताना मध्येच तुटलेली असते. भामरागड, एटापल्ली यांसारख्या दुर्गम तालुक्यांत जेथे नेटवर्क वारंवार तुटते, तेथे ही शक्यता आधी तपासणे इष्ट ठरते. अशा वेळी नवा प्रोग्राम शोधण्यात अर्थ नसतो, फाइल पुन्हा मिळवावी लागते.

हा अभ्यास आता शास्त्राच्या पातळीवर पोहोचला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 'प्रोनॉम' नावाची फाइल-स्वरूपांची नोंदवही तयार केली आणि तिच्या आधारे फाइली ओळखणारा 'ड्रॉइड' हा मुक्त प्रोग्राम २००५ पासून उपलब्ध केला. त्या देशाला असा धडा मिळालाही होता. १०८६ मध्ये तेथे झालेल्या भूमिपाहणीच्या नवशे वर्षांनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने लोकजीवनाची नवी नोंद लेसर डिस्कवर केली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि नोंदी सोडवण्यासाठी विद्यापीठांतील तज्ज्ञांना कष्ट घ्यावे लागले. अकराव्या शतकातील चर्मपत्रावरची मूळ नोंद मात्र आजही वाचता येते.

मराठी फाइलचा दुहेरी प्रश्न

मराठी मजकुराच्या बाबतीत एक अधिकची अडचण आहे. फाइलचा प्रकार ओळखला, प्रोग्रामही सापडला, फाइल उघडलीसुद्धा, तरी मजकूर वाचता येईल याची खात्री नसते. या स्थितीचे मूळ १९८० आणि १९९० च्या दशकांत आहे.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे त्याचा प्रसार केला. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीला स्थान होते. तथापि, बाजारातील छपाईने निराळा मार्ग धरला. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, आकृती, तसेच हिंदी प्रदेशाला लागून असलेल्या पूर्व विदर्भातही परिचित असलेला कृतिदेव या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले गेले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राहिला, केवळ पडद्यावरचे रूप देवनागरी झाले. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये लिहिलेला 'भारत' हा शब्द फाइलमध्ये एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. फाँट नसलेल्या संगणकावर तीच पाच अक्षरे दिसतात. प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी असल्याने एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असल्याने असा मजकूर डोळ्यांना व्यवस्थित वाचता येतो, परंतु त्यात गावाचे नाव शोधू गेल्यास ते सापडत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि, जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे स्थानही बदलते. परिणामी रूपांतरात चुका होतात त्या नेमक्या याच ठिकाणी. चिमूर, सिंदेवाही, सिरोंचा, गडचिरोली, पोंभुर्णा ही नावे पाहिली तर वेलांटी आणि रफार यांच्या शुद्धतेवर या भागातील किती गावांची ओळख अवलंबून आहे हे ध्यानात येते.

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांचे आणि स्मरणिकांचे भवितव्यही याच प्रश्नाशी निगडित आहे. त्यांची जुळणी बहुतांशी पेजमेकर या प्रोग्राममध्ये होत असे. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली. 'पी६५' किंवा 'पीएमडी' एक्स्टेन्शनच्या त्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत, पुढील आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. २०१५ पासून लिब्रेऑफिस या मुक्त प्रणालीत त्या काही प्रमाणात उघडतात. मात्र मूळ फाँट नसल्यास पुन्हा तोच अडथळा उभा राहतो. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. त्यापूर्वीच्या दोन दशकांतील मराठी मजकूर हा आजच्या काळातील मोडी दप्तर ठरू पाहत आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये, तर गोंडीच्या मसराम आणि गुंजाळा या लिप्यांना अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही यातील समाधानाची बाजू होय.

वनजिल्ह्यांतील अभिलेख

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. येथील अरण्यवासी समाजाच्या दृष्टीने अभिलेखांना आगळे महत्त्व प्राप्त झाले ते अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ यामुळे. या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ हा निर्णायक दिनांक असून, इतर पारंपरिक वननिवासींना त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. याचा अर्थ पुरावा १९३० पर्यंत मागे न्यावा लागतो. गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदी अहवाल, नकाशे, उपग्रह-प्रतिमा, वन कार्ययोजना हे सर्व नियमांनुसार ग्राह्य पुरावे आहेत. चांदा जिल्ह्याचा १८६९ चा लूसी स्मिथ यांचा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चे गॅझेटियर यांसारखे ग्रंथ आज अनेकांना स्कॅन केलेल्या फाइलींच्या रूपातच हाती येतात. मालगुजारीच्या उच्चाटनानंतरच्या निस्तार पत्रकांचेही तसेच आहे. वाडवडिलांचा हक्क अशा रीतीने फाइलमध्ये जाऊन बसला आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशातील अगदी सुरुवातीच्या अशा मान्यतांपैकी ती एक होती. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तो मार्ग अनुसरला. या प्रक्रियेत सीमांकनासाठी जीपीएस यंत्रे आणि संगणकीय नकाशे वापरात आले आणि त्यांच्याबरोबर 'एसएचपी', 'जीपीएक्स', 'केएमएल', 'केएमझेड' ही अनोळखी एक्स्टेन्शनेही गावापर्यंत पोहोचली.

यातील एसएचपी, म्हणजे शेपफाइल, हे विशेष काळजीचे प्रकरण आहे. नावाने एक असली तरी ती किमान तीन फाइलींची मिळून बनते. 'एसएचपी'मध्ये सीमारेषांचे आकार, 'डीबीएफ'मध्ये गावाचे नाव, कक्ष क्रमांक, क्षेत्रफळ अशी माहिती, तर 'एसएचएक्स'मध्ये त्या आकारांची अनुक्रमणी असते. चौथी 'पीआरजे' फाइल असेल तर अक्षांश-रेखांश कोणत्या मोजणीपद्धतीचे आहेत ते कळते. पेन ड्राइव्हवर केवळ पहिली फाइल दिली गेली तर सीमारेषा मिळते, परंतु ती कोणत्या मौजाची हे सांगणारा दाखला मागेच राहतो. पीआरजे नसल्यास रेषा आहे पण तिची जागा संदिग्ध आहे, अशी अवस्था होते. सातबारा एकाकडे आणि गाव नकाशा दुसऱ्याकडे असावा, तसा हा प्रकार आहे. हक्काचा वाद सीमेवरच उद्भवत असल्याने ही तांत्रिक त्रुटी थेट ग्रामसभेच्या दाव्याला जाऊन भिडते. २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रह-प्रतिमा आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक मानावेत, त्यांच्या जागी नव्हे, असे स्पष्ट केले, ते या दृष्टीने दूरदर्शीपणाचे होते. ज्येष्ठांची साक्ष कोणत्याही प्रोग्रामवाचून ऐकता येते.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात संगणकनिर्मित साहित्याचा समावेश आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक रूपात जतन केलेली माहिती पुढील संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध राहिली पाहिजे. २००५ च्या माहितीच्या अधिकारात फ्लॉपी अथवा अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क अंतर्भूत आहे. परंतु मिळालेली फाइल ज्याला उघडता येत नाही, त्याच्या हाती हक्काची केवळ पोच आलेली असते, माहिती आलेली नसते.

ओळखीची पद्धत

उपरोक्त विवेचनावरून अपरिचित फाइल हाताळण्याचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो.

१) मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करावी आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.

२) संगणकातील मांडणी बदलून लपलेली एक्स्टेन्शने दृश्य करावीत. प्रोग्राम म्हणून चालणाऱ्या फाइली त्यामुळे वेळीच ध्यानात येतात.

३) फाइल कोठून, कोणाकडून, कोणत्या वर्षी आली आणि तिच्यासोबत त्याच नावाच्या आणखी कोणत्या फाइली होत्या, हे नोंदवावे. दप्तराचा ठावठिकाणा हा कागदाच्या ओळखीचा अर्धा भाग असतो.

४) नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्राममध्ये प्रत उघडून आरंभीची आणि शेवटची अक्षरे पाहावीत आणि ती ज्ञात खुणांशी ताडून पाहावीत. तेथे काहीही बदल जतन करू नये. ड्रॉइडसारखे साधन हेच काम अधिक अचूकपणे करते.

५) प्रकार समजल्यावर प्रथम मुक्त प्रणाली वापरून पाहाव्यात. दस्तऐवजांसाठी लिब्रेऑफिस, नकाशांसाठी क्यूजीआयएस, दृक्‌श्राव्य फाइलींसाठी व्हीएलसी. 'कोणतीही फाइल उघडून देतो' असे सांगणारे अनोळखी प्रोग्राम उतरवून घेऊ नयेत.

६) केवळ एक्स्टेन्शन बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. आतील शिक्क्यावरून खरा प्रकार ठरल्यानंतर चुकलेले नाव दुरुस्त करणे एवढाच त्याचा उपयोग आहे.

७) उघडलेला मजकूर युनिकोड आणि दीर्घकालीन जतनासाठीचे पीडीएफ/ए यांसारख्या खुल्या स्वरूपात जतन करावा, गावांची नावे आणि आकडे मुळाशी ताडून पाहावेत आणि मूळ फाइल तशीच शेजारी ठेवावी.

समारोप

२०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होऊन या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये एका छत्राखाली आली. प्रादेशिक इतिहासाच्या साधनांचे संकलन हे अशा विद्यापीठाचे स्वाभाविक कार्य होय. त्यात ताम्रपट, मोडी कागद आणि मौखिक परंपरा यांच्या जोडीने १९९० नंतरच्या संगणकीय फाइलींचाही समावेश होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या कपाटांतील फ्लॉप्या, सीडी आणि बंद पडलेले संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांतील फाइलींची यादी झाली पाहिजे. हे काम संगणकशास्त्र विभाग एकट्याने करू शकत नाही. फाइलचे स्वरूप ओळखण्यास तो समर्थ आहे, परंतु उघडलेल्या नकाशातील पाणंद कोणती, निस्तार पत्रकातील शब्दाचा अर्थ काय आणि गावाचे नाव बरोबर उतरले की नाही, हे इतिहास, भूगोल आणि भाषा यांच्या अध्यापकांनाच सांगता येईल.

मोडीच्या बाबतीत जाणकारांची पिढी मागे सरल्यावर समाजाला जाग आली आणि नंतर वर्ग भरवून लिपी पुन्हा शिकावी लागली. संगणकीय अभिलेखांच्या बाबतीत ती जुळणी करणारे, ती यंत्रे चालवणारे आणि गावाची सीमा पायी फिरून नोंदवणारे लोक अद्याप आपल्यात आहेत. त्यांना विचारून घेण्याचा काळ हाच आहे.